मस्टला भूतकाळ नसतो

तिच्या वडिलांना शाळेतली पोरं मागून ‘मस्टसर’ म्हणायची. धडा कुठलाही असो, सरांची गाडी ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’च्या फरकावर आल्याशिवाय राहायची नाही. “आईला भेटायला जायलाच हवं, ते मस्ट. साहेबाला भेटायला जावं लागतं, ते हॅव टू. एक आतून येतं, दुसरं मानगुटीवर बसतं!”

अंथरुणाला खिळले तरी खोड गेली नाही. ती त्यांची चादर बदलायला लागली की डोळे मिटूनच विचारायचे, “मस्ट की हॅव टू?”

“मस्ट, बाबा.”

“खोटं बोलतेस. नाक मुरडलंस.”

“नाक मुरडलं तरी मस्टच.”

मग खोकला येईपर्यंत हसायचे.

ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी परदेशातून भाऊ आला. आता तो बाबांच्या खुर्चीत बसून फोनवर ऑफिसातल्या कुणाला तरी सांगत होता, “शी हॅड टू डू एव्हरीथिंग.”

त्यानं फोन ठेवला तशी आत्या म्हणाली, “काय म्हणालास रे?”

“हेच, की हिला सगळं एकटीला करावं लागलं.”

“खरंय बाबा. सुटली बिचारी एकदाची.”

चहाचे कप उचलता उचलता ती थांबली. “लागलं नाही, आत्या.”

“म्हणजे गं?”

“करावं लागलं नाही. हा चुकीचं बोलला.”

“चुकीचं?” भाऊ हसला. “मस्टला भूतकाळ नसतो, बाईसाहेब. काल मस्ट असलं तरी आज सांगताना हॅड टूच. बाबांनी पट्टी मारून शिकवलंय मला.”

आत्याही हसली. “बापाचा पोरगा शोभतो हो!”

नियम बरोबर होता. इंग्रजीत भावाला नेहमीच पैकीच्या पैकी पडायचे. मराठीत सांगता आलं असतं, मला करायचंच होतं. पण त्यातला फरक कळणारा एकच माणूस होता.

“ठेव ते कप,” भाऊ मायेनं म्हणाला. “बस जरा. आता तुला काही करावं लागणार नाही.”

ती कप घेऊन आत गेली. मधल्या खोलीत गादी गुंडाळून ठेवलेली होती, खाटेच्या नुसत्या पट्ट्या दिसत होत्या.

“मस्ट,” ती हळूच म्हणाली.

खोटं बोलतेस, असं कुणी म्हणालं नाही.