सख्ख्या भावाची शिट्टी

चष्मेवाला आठवडाभर दुकानात काचा घासायचा आणि रविवारी काळा शर्ट चढवून मुलींच्या फुटबॉल सामन्यांत पंचाचं काम करायचा. प्रेक्षकांना आयतीच गंमत. "अहो, स्वतःसाठी एक नंबर काढा की!" असं कुणीतरी ओरडायचं आणि तोही गालात हसायचा. पण शिट्टी तोंडात गेली की तो कुणाचा नसायचा.

त्याच्या धाकट्या भावाला हे सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. आईवडील गेल्यावर दादानंच त्याला वाढवलं होतं, चेंडूला पाय लावायलाही दादानंच शिकवलं होतं. आता धाकटा शाळेत खेळ शिकवायचा, मुलींच्या संघाचा प्रशिक्षक होता आणि त्याची स्वतःची मुलगी त्याच संघात बचावाला खेळायची.

उपांत्य सामन्याला ठरलेला पंच आलाच नाही. चष्मेवाला आधी नको म्हणाला. "पुतणी खेळतेय, उगाच बोलणं नको." पण दोन्ही संघांनी गळ घातली, आणि समोरच्या संघाच्या प्रशिक्षिकेनं तर सांगितलं, "तुम्ही आहात म्हटल्यावर आम्हाला काळजी नाही."

सामना संपत आला तरी बरोबरी होती. गोलासमोर गर्दी झाली, चेंडू उसळला आणि पुतणीच्या पसरलेल्या हाताला लागून बाहेर गेला. चष्मेवाल्यानं शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या खुणेकडे बोट दाखवलं.

धाकटा रेषा ओलांडून आत आला. "दादा, हात नव्हता तो."

"होता. रेषेबाहेर हो."

धाकटा मागे वळला. कडेला पालक त्याच्याकडेच बघत होते. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "किती घेतलेस रे त्यांच्याकडून?"

एवढंच. पण सख्खा भाऊच म्हणतोय म्हटल्यावर बाकीच्यांना कसली भीड? "चोर, चोर" सुरू झालं. आयांनी टाळ्यांचा ठेका धरला. शेजारी उभ्या असलेल्या लहान पोरीही तोच शब्द म्हणू लागल्या. चष्मेवाल्यानं भावाला कार्ड दाखवलं, पेनल्टी घ्यायला लावली, सामना पुरा केला. नंतर कुणी हात मिळवला नाही. त्याच्या शर्टावर कुणीतरी थुंकलं होतं, ते बायकोनं घरी धुताना पाहिलं.

त्या दिवशी धाकट्याच्या घरी जेवताना त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, लागला होता हाताला. मला कळलं होतं."

"जेव गुपचूप."

"काकांना सांगा ना तसं."

धाकट्यानं ताट बाजूला सारलं. तरी दादाकडे जायला तो उठला नाही.

पुढच्या आठवड्यात दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "काय साहेब, यंदा कमाई चांगली दिसतेय." चष्मेवाल्यानं त्याचा चष्मा पुसून हातात ठेवला आणि आत निघून गेला. शिट्टी त्यानं फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात परत केली. त्याच्यामागोमाग आणखी पंच कमी झाले. मैदानावर पालकच शिट्टी वाजवायला लागले, मग हमरीतुमरी ठरलेलीच. शाळेतही गुण कमी दिले म्हणून एका मुलीनं बाईंना तेच विचारलं: किती घेतले? तेव्हा मात्र धाकट्याचा चेहरा पडला.

तो दुकानात गेला. "चुकलं माझं, दादा."

"इथे कुणीच नाहीये," चष्मेवाला म्हणाला. "तिथे सगळे होते."

नवा हंगाम सुरू झाला तेव्हा धाकटा मैदानाच्या मधोमध उभा राहिला. हात होता, दादा बरोबर होता, मी खोटं बोललो, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. पालकांनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो सर, खेळात चालायचंच." दुसऱ्यानं घड्याळ पाहिलं. धाकट्याची मुलगी तेवढी रडत होती.

तसाच घामेजलेला तो दुकानात पोचला. दादानं सगळं ऐकलं, त्याला पाणी दिलं.

"चांगलं केलंस."

"मग येशील रविवारी?"

चष्मेवाल्यानं रिकामा पेला उचलून ठेवला. "राग नाही रे तुझ्यावर. लोकांचं तर मी कधी मनावर घेतलंच नाही. पण आता शिट्टी ओठाला लावली की आधी तुझा आवाज येईल. तसा पंच काय कामाचा?"

इतक्यात एक म्हातारी चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून आली. चष्मेवाल्यानं तिला बसवलं, दांडी आवळली, कानामागे बोट फिरवून पाहिलं, "टोचत नाही ना, मावशी?" असं विचारलं. धाकटा बाकावर बसून राहिला. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा दोघांनी मिळून शटर ओढलं आणि आपापल्या घराकडे वळले.