पुनवेची भाकरी

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या साखरेचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "अप्पा, रात्री भाकरीची एक कोर. त्याहून जास्त नाही."

कोर म्हणजे केवढी, हे काही बाईंनी लिहून दिलं नाही. तिथंच माझा घात झाला. कारण कोर मोडणार होती आमची कारभारीण, कमलम्मा. उदगीरला घरी आल्यावर तिनं ज्वारीच्या भाकरीची अशी कड मोडली, की मी ती डोळ्याला लावून पलीकडं धरलेल्या पेपरातले तुरीचे भाव वाचले. खोटं वाटत असेल तर शेजारच्या चंद्रप्पाला विचारा, शेवटचे दोन आकडे त्यानं वाचले.

ज्यानं तरणेपणी एका बैठकीत बावीस भाकरी संपवल्या आणि तेविसावीसाठी पुन्हा जातं मांडायला लावलं, त्याच्या ताटात हे!

"ही कोर हाय का कापलेलं नख?" मी भडकलो.

"कोरच हाय. सूनबाई कपाळाला लावती ती केवढी असती? त्यापरीस ही लई मोठी."

"कपाळाचं काय सांगती? आभाळातली कोर बघ! रोज वाढत असती."

कमलम्मानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "बरं. आभाळापरमाणं देते."

एवढ्या लवकर ती कधी ऐकत नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी बीज होती. मग तीज, चौथ. अष्टमीला अर्धी भाकरी आली. पुनवेला अख्खी, वर शेंगाची चटणी! चंद्रप्पाला मुद्दाम बोलावून त्याच्यासमोर खाल्ली.

दुसऱ्या सांजेला बघतो तर भाकरीची कड गायब.

"उंदीर लागला का हिला?"

"प्रतिपदा लागली."

पुढं रोज एक-एक घास जात राहिला. मी अंगणात उभा राहून चंद्राला शिव्या घालत राहिलो, तर तोही लाजून रोज उशिरा यायला लागला. अवसेला ताटात नुसती चटणी.

"कमलम्मा, चुकलं माझं. ती पहिलीच कोर दे. कायमची."

"आता कसं! अवो, महादेवाच्या डोक्यावर बघा. युगं झाली, तीच कोर. वाढत न्हाई, घटत न्हाई. त्यानं कधी कुरकुर केली का?"

तेव्हापासून रोज तीच कोर ताटात येते आणि मी देवघरातल्या तसबिरीकडं बघत ती चावतो. महादेवानं एका बैठकीत बावीस भाकरी कधी खाल्ल्याच नाहीत, हे हिला कोण सांगणार?