नऊ वर्षांचं सौजन्य

लांगेने पत्र उजेडाकडे धरलं, पहिल्या काही ओळी मनातल्या मनात वाचल्या आणि घडी घालून ते परत टेबलावर ठेवलं.

"वाचा की," डॉक्टर सेनोन बारेरा म्हणाले. "प्रोफेसर वेंडेलांचं हे पहिलं पत्र. मला पाठ आहे. पण त्यांच्याच भाषेत ते कसं वाजतं, एवढंच ऐकायचंय."

"जेवण झाल्यावर वाचू," लांगे म्हणाला. हा तरुण जर्मन इंजिनीअर पुलाच्या कामासाठी तीन आठवड्यांपूर्वी बुकारामांगा गावात आला होता. रविवारी त्याला जेवायला बोलवायचं डॉक्टरांच्या बहिणीने, रोसेंदाने, ठरवलं होतं. तिने पुढे केलेल्या, त्या भागात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या भाजलेल्या मुंग्यांच्या ताटलीकडे इतका वेळ तो बघतही नव्हता. आता त्याने मूठभर मुंग्या तोंडात टाकल्या आणि बराच वेळ चावत बसला.

"तिसरी ओळ," डॉक्टरांनी डोळे मिटून म्हटलं, "'आपल्यासारख्या औषधविक्रेत्याची नजर शास्त्राला हवीच आहे.' बरोबर?"

"औषधविक्रेता हा शब्द आहे," लांगे म्हणाला.

"आणि बाकीचं?"

लांगेने रोसेंदाकडे पाहिलं. तिच्याकडून काही मदत मिळाली नाही. शेवटी त्याने पत्र उघडलं आणि सावकाश, शब्दाला शब्द लावत सांगितलं, "'औषधविक्रेत्याने जुलाबाच्या पुड्या बांधाव्यात. शास्त्राच्या वाटेला जाऊ नये.'"

डॉक्टर हे खरं तर डॉक्टर नव्हतेच. चौकातलं औषधाचं दुकान त्यांचं होतं आणि गावाने त्यांना ती पदवी बहाल केली होती. बाकी सगळा जीव मुंग्यांत. पानं कापून रांगेने बिळात नेणाऱ्या त्या मुंग्या पानं खात नाहीत, त्यांच्यावर बुरशी पिकवतात आणि ती बुरशी खातात, असं त्यांचं म्हणणं. प्रोफेसर वेंडेल जर्मनीतल्या ब्रेस्लाऊहून लिहीत, की मुंग्या पावसापासून बचाव म्हणून बिळाला पानांचं छप्पर करतात. नऊ वर्षं हा वाद चालला होता. डॉक्टरांना जर्मन येत नव्हतं, प्रोफेसरांना स्पॅनिश. दोन्ही बाजूंची पत्रं दोन्या ओतिलियाच्या हातून भाषांतर होऊन जात. ती जर्मनच, एका टोपीव्यापाऱ्याची विधवा; गाव तिला आदराने दोन्या म्हणे. नवऱ्यामागे ती गावात पावाची भट्टी चालवत होती.

प्रोफेसरांची एकतीसच्या एकतीस पत्रं डॉक्टरांनी त्या दुपारी वाचून घेतली. कॉफी तीनदा निवली. जिथे "माझे विद्वान मित्र" म्हणून ऐकलं होतं, तिथे नुसतं "तुम्ही" होतं. "आपल्या निरीक्षणाचा आदर राखून" या शब्दांच्या जागी "ही भाकडकथा" असं निघालं. शेवटच्या दोन-चार पत्रांत शिव्या कमी झाल्या होत्या, पण तोवर डॉक्टरांचं लक्ष कशातच नव्हतं.

"पुरे कर, सेनोन," रोसेंदा म्हणाली. "पोराला घाम फुटलाय."

डॉक्टरांनी पत्रांचा गठ्ठा बांधला आणि टोपी न घालताच बाहेर पडले.

दोन्या ओतिलिया लांब दांड्याच्या फळीने भट्टीतून पाव काढत होती.

"तुम्ही खोटारड्या आहात," डॉक्टर दारातूनच म्हणाले.

तिने गठ्ठ्याकडे पाहिलं. "बसा. हे काढते आधी, करपतील."

"जुलाबाच्या पुड्या! आणि मी ते पत्र नऊ वर्षं उशाशी ठेवलं."

शेवटचा पाव निघाल्यावर ती आत गेली आणि एक चपटी पेटी घेऊन आली. तिच्यात डॉक्टरांनी स्पॅनिशमध्ये लिहिलेली त्यांचीच पत्रं होती. तिने एक काढून त्यांच्यापुढे धरलं.

"वाचा. अक्षर ओळखीचं असेल."

"'टाचणीला टोचलेल्या मुंगीपलीकडे जन्मात मुंगी न पाहिलेला म्हातारा बोकड...'" डॉक्टर थांबले. "हे तुम्ही पाठवलं नाहीत?"

"मी लिहिलं, की आपण इथे असतात तर मुंग्यांनीच आपल्याला पटवलं असतं. पुढच्या बोटीने त्यांनी सूक्ष्मदर्शक पाठवला. बोकड म्हटल्यावर पाठवला असता? त्यातूनच तुम्हाला बुरशी दिसली ना?"

"सूक्ष्मदर्शकाचं सोडा!" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "तो माझा मित्र होता. या गावात मला मुंग्यांचा डॉक्टर म्हणून हसतात. तिकडे लांब एक माणूस मला मानतो, एवढ्यावर मी दिवस काढले. आता तो माणूस कुठे आहे, सांगा!"

तिने हाताचं पीठ झटकलं. मग पुन्हा झटकलं, हात स्वच्छ झाले होते तरी.

"माझा नवरा हाइनरिख गेला त्याच वर्षी तुम्ही ते पहिलं पत्र घेऊन आलात," ती म्हणाली. "घरात जर्मन बोलायला कुणी उरलं नव्हतं. माझ्या भाषेत तुम्हाला कुणी लिहिलं होतं, आणि ते हे असं. माझ्याने तोंडावाटे काढवेना. मग पुढे... पुढे चांगलं लिहायची सवयच लागली."

डॉक्टर गठ्ठा उचलून निघून गेले.

पुढचे दोन दिवस त्यांनी दुकान उघडलं नाही. अंगणात लिंबाच्या कुंड्यांभोवती फेऱ्या चालल्या. मधेच थांबायचे, बोट हवेत नाचवायचे आणि पुन्हा चालू लागायचे. मंगळवारी त्यांनी लांगेला बोलावलं आणि नऊ वर्षांचं सगळं उट्टं एका पत्रात काढलं. लांगे मान खाली घालून लिहीत राहिला.

"बोकडसुद्धा?" त्याने एकदा विचारलं.

"बोकड दोनदा."

बुधवारी ऊन चढल्यावर टपालाची खेचरं हिरोन गावाच्या वाटेने नदीकडे निघाली आणि पत्र गेलं. दुपारी खालून टपाल आलं. त्यात ब्रेस्लाऊचा शिक्का असलेलं पाकीट होतं. डॉक्टर ते घेऊन थेट पुलाच्या कामावर गेले. लांगेने चिखलाचे हात पुसले आणि उभ्याउभ्याच वाचलं.

"'प्रिय मित्र बारेरा.'"

"जे लिहिलंय तेच सांगा," डॉक्टर गुरकावले.

"तेच सांगतोय." लांगे पुढे वाचू लागला. "'तुम्ही दारूच्या बरणीत घालून पाठवलेला बिळाचा तुकडा मी पुन्हा भिंगाखाली ठेवला. ती बुरशीच आहे आणि ती लावलेली, निगा राखलेली आहे. मी चुकलो. गेल्या महिन्यात इथल्या सभेत मी हे तुमच्या नावानिशी सांगितलं. मला कबूल केलं पाहिजे, की तुम्ही उद्धटपणाला उद्धटपणाने उत्तर दिलं असतंत, तर ती बरणी मी उघडलीसुद्धा नसती. नऊ वर्षं मी तुमचा अपमान केला आणि दर वेळी तुमच्या उत्तरांनी मला शरम वाटली. आता माझी तब्येत बरी नसते. तुमचं पत्र आलं, की तो दिवस बरा जातो.'"

डॉक्टरांनी पत्र त्याच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतलं. "खेचर आहे?"

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पुलाचे दगड वाहणारं खेचर सोडवून, त्यावर खोगीर नसताना, हिरोनच्या उतारावर सुटला. मजूर ओरडत होते, हसत होते. नदीच्या उतारापाशी टपालवाला सिप्रियानो खेचरांना पाणी पाजत होता.

"माझं पत्र काढ."

"डॉक्टर, थैली सरकारी आहे."

"तुझ्या तिन्ही पोरांना गोवर आला तेव्हा मी विचारलं होतं, ती कुणाची आहेत म्हणून?"

सिप्रियानोने त्यांच्या सोललेल्या मांड्यांकडे, घामाकडे पाहिलं. "या वयात कुणा बाईला भलतंच लिहून बसलात की काय?"

"त्याहून वाईट."

"मी जरा वरच्या अंगाला जाऊन तोंड धुतो," तो म्हणाला. "थैलीची गाठ सैल आहे. तुम्ही मात्र हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर भट्टीपाशी आले. चालताना पाय फाकत होते. दोन्या ओतिलियाने उशी आणून बाकावर ठेवली. तिने प्रोफेसरांचं पत्र वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"लांगेला सांगा ना," ती म्हणाली. "तो अचूक लिहितो."

"म्हणूनच नको. कागद घ्या."

तिने घेतला.

"लिहा. ती सभ्यता माझी नव्हती. मी आपल्याला बोकड म्हटलं, गाढव म्हटलं, आणखीही पुष्कळ. इथे पाव भाजणारी एक बाई आहे. तिने माझ्या प्रत्येक वाक्यातलं विष काढलं, आपल्याही. आपण ज्याला मित्र म्हणता तो ती आहे. ज्याला मी मित्र समजत होतो, तोही काही अंशी तीच. बरणी पाठवा, असा तगादा तिने लावला होता. मी रागाने ती फोडायला निघालो होतो."

ते थांबून थांबून बोलत होते, पाच मिनिटं, दहा मिनिटं. भट्टीत लाकूड तडकत होतं. ती लिहीत होती, पण त्यांचं बोलणं संपायच्या कितीतरी आधी तिची लेखणी थांबली. कागदावर मोजून चार ओळी होत्या.

डॉक्टरांनी कागद आपल्याकडे फिरवला. एक अक्षर कळेना. तिने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती.

"झालं एवढ्यात?"

"जर्मन भाषा आटोपशीर असते," ती म्हणाली.

लांगेने एकतीस पत्रं वाचली, तेव्हा ती भाषा आटोपशीर असल्याचं त्यांना कुठे दिसलं नव्हतं. त्यांनी लेखणी घेऊन खाली आपली सही केली. मग कागद तसाच धरून ठेवला आणि सहीच्या खाली, सावकाश, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढत, तिचं नाव लिहिलं. जर्मन बाकी काही येत नसलं तरी नाव लिहिता येत होतं.

दोन्या ओतिलियाने मान वळवून पाहिलं. लाल झालेला चेहरा तिने कमरेच्या फडक्याने पुसला, जणू भट्टीचीच धग लागली असावी.

"एक त राहिला, डॉक्टर," ती म्हणाली. "आमच्याकडे माझ्या नावात दोन असतात."

"कुठे?"

तिने बोट ठेवलं. त्यांनी तिथे दुसरा त घातला.