हॅमरफील्ड विहिरीवर

हॅमरफील्ड हा रॉक बँड संपला, असं मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की आता कोणी म्हणालं तर मी वादही घालत नाही. पहिला गायक भांडून निघून गेला, तेव्हा ते संपले होते. गिटारवाला दोन वर्षं अंथरुणाला खिळला, तेव्हाही संपले होते. सिंथेसायझरवर नाचायची गाणी आली तेव्हा तर इंग्रजी मासिकांनी त्यांना मातीच दिली. आणि दर वेळी तीन-चार वर्षांनी इंग्लंडातले हे पाच बाप्ये, पोटं सुटलेली, केस विरळ झालेले, नवी कॅसेट घेऊन परत उभे. मला त्यांचा अभिमान वाटतो, अगदी आपल्या घरातलं कोणी असावं तसा.

हे मी सांगते तेव्हा लोक माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. मी जीना, वसईतल्या नंदाखालची. शाळेत गणित शिकवते. गणिताच्या बाईंनी भजनं ऐकावीत, फार तर जुनी हिंदी गाणी. हार्ड रॉक म्हणजे वाया गेलेल्या पोरांचं काम, असं आमच्या स्टाफरूमचं ठाम मत. त्यात मी बत्तीस वर्षांची आणि बिनलग्नाची, त्यामुळे दोन्ही गोष्टींचा संबंध जोडायला लोकांना वेळ लागत नाही.

पहिली कॅसेट आणली फेबियनमामानं. तो बोटीवर होता. मी तेव्हा नववीत. त्याला वाटलं होतं, कॅल्विनला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला आवडेल. कॅल्विननं दोन मिनिटं ऐकली आणि तो क्रिकेट खेळायला गेला. मी ती उलटून-पालटून ऐकत राहिले, ती आजतागायत. मला गायकाचं काही पडलं नव्हतं. मला धरून ठेवलं त्यांच्या ड्रमरनं. टॅनर त्याचं नाव. इतर ड्रमर हात आहेत म्हणून बडवत सुटतात. टॅनर घाई करत नाही. ए साइडच्या शेवटच्या गाण्यात तर तो मधेच चक्क थांबतो. सगळं बंद. आपल्याला वाटतं, टेप अडकली. आणि अगदी जीव वर आला की तो परत येतो, असा, की छातीत धक्का बसतो. मी ते गाणं किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही, पण तो थांबा आला की अजून माझा श्वास अडकतो.

मला ड्रमच का ऐकू यावा, याचं कारण आमच्या घरातच टांगलेलं होतं. माझे पप्पा, आग्नेल, सॅन्टनकाकांच्या ब्रास बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. दिवसा केळीची वाडी, आणि लग्न, सण, मिरवणूक असली की लाल टोपी घालून ढोल. पंचक्रोशीत सॅन्टनकाकांचा बँड म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तोही कितीदा संपला होता. कॅसेट आल्या, मग डीजे आले, दर वेळी कोणीतरी म्हणायचं की आता म्हाताऱ्यांनी पिपाण्या खाली ठेवाव्यात. म्हातारे काही ऐकत नव्हते. मला कधीकधी वाटायचं, हॅमरफील्ड आणि ही माणसं एकमेकांना भेटली असती तर त्यांचं छान जमलं असतं.

पण हे पप्पांना सांगायची सोय नव्हती. "ते डबे बंद कर," एवढंच ते माझ्या टेपरेकॉर्डरबद्दल बोलायचे. आणि ढोलाला हात लावायचा नाही. लहानपणी मी एकदा त्यांची काठी घेऊन ढोलाशी उभी राहिलेली त्यांना सापडले, तेव्हा ते ओरडले नाहीत. त्यांनी ढोल उचलला, माझा हात पोचणार नाही असा वर आढ्याला टांगला आणि म्हणाले, "पोरी ढोल नाय वाजवत, बाय." मग मी पंपाच्या खोलीत तेलाच्या डब्यावर शिकले. पंप सुरू असला की बाहेर काही ऐकू जात नाही. टॅनर वाजवायचा, मी त्याच्या मागे वाजवायचे. पुढे शाळेच्या गॅदरिंगला पोरांच्या कवायतीला मी साधा ड्रम वाजवला, लोकांनी कौतुक केलं. पण मला हवा होता तो पप्पांचा ढोल. एकदाच, त्याच्या खऱ्या कातड्यावर, बँडच्या मधोमध. एवढी एकच इच्छा मी इतकी वर्षं मनात धरून होते, आणि तिचं हसं होईल म्हणून कोणाला बोलत नव्हते.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात कॅल्विनचं लग्न ठरलं. मुलगी वटार गावची. आगमनकाळ सुरू झाला की नाताळ होईपर्यंत आमच्याकडे लग्नं लागत नाहीत, त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साऱ्या वसईची एकदम झुंबड उडते. हॉल मिळत नाही, आचारी मिळत नाही, फादरांना दिवसात तीन-तीन लग्नं लावावी लागतात. आम्ही सगळं वेळेत ठरवलं होतं. आयनं मांडवापासून मिठापर्यंत सगळं दोनदा तपासलं होतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत विहिरीवरून आणायचं असतं. नवरा घरी बसतो. कळशा घेतात लग्न झालेल्या बायका, म्हणजे आत्या, मावश्या, काकू. मला त्यात काम नव्हतं. रोझलिनआत्यानं तेवढ्यात विचारून घेतलंच, "जीना, तुझी कळशी कधी गो उचलायची आम्ही?" मी म्हटलं, "आधी ही नीट उचल, मागच्या वेळी निम्मं पाणी सांडलंस." नवऱ्याच्या बापाचं काम मोठं. त्यानं पेटती मेणबत्ती घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचं, विहिरीपाशी प्रार्थना म्हणायची आणि पहिली बादली स्वतः ओढायची. 

पाच वाजता बँड अंगणात आला. ट्रम्पेट घेऊन सॅन्टनकाका, दोन क्लॅरिनेट, छोटा ड्रम, झांजा. वटारहून मुलीकडची चार माणसंही रीत म्हणून आली होती, खुर्च्यांवर बसून सगळं न्याहाळत. पप्पा नवीन सूट घालून बाहेर आले, हातात मेणबत्ती. सॅन्टनकाकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग मेणबत्तीकडे.

"आग्नेल, ढोल कुठंय?"

"घरात टांगलाय. वाजवणारा कुठंय तुझा?"

"वाजवणारा म्हणजे? तू नाय का?"

पप्पांनी गृहीत धरलं होतं की मुलाच्या लग्नात बाप वाजवत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, तेव्हा सॅन्टन दुसरा कोणी आणेलच. सॅन्टनकाकांनी गृहीत धरलं होतं की आग्नेलच्या घरचं कार्य आणि ढोलावर दुसऱ्याचा हात, हे आग्नेल जिवंत असताना होणार नाही. दोघं महिनाभर रोज चर्चबाहेर भेटत होते. विचारलं मात्र कोणीच नव्हतं. पप्पांना वाटलं, माझ्या जागी कोण असं विचारणं म्हणजे स्वतःचा मोठेपणा. काकांना वाटलं, तू वाजवणार ना असं विचारणं म्हणजे मित्राचा अपमान. दोन शहाण्यांनी मानापोटी लग्नाला ढोल ठेवला नव्हता.

कोणी म्हणालं, भुईगावच्या बळीरामला बोलवा. बळीराम आगाशीच्या लग्नात होता. कोणी म्हणालं, निर्मळचा जॉन. जॉन सकाळपासून दोन लग्नं वाजवून तिसऱ्याला गेला होता. त्या आठवड्यात ढोल वाजवणारा मोकळा माणूस शोधणं म्हणजे आचारी शोधण्यापेक्षा कठीण. सूर्य नारळांच्या मागे गेला. अंधार पडायच्या आत पाणी घरी यायला हवं होतं. 

"ढोलाशिवाय जाऊ या," आय म्हणाली.

"ढोलाशिवाय घोळका जातो, मिरवणूक नाय जात," सॅन्टनकाका म्हणाले. वटारच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. पप्पांचा चेहरा उतरला. ज्या माणसानं अख्ख्या पंचक्रोशीची लग्नं वाजवली, त्याच्याच घरी ढोल नव्हता. मेणबत्ती सोडली तर रीत मोडते, धरली तर बँड मोडतो. ते हातातल्या ज्योतीकडे बघत नुसते उभे राहिले.

मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मला आनंदही झाला. मी घरात गेले, स्टूल घेतलं आणि आढ्यावरून ढोल उतरवला. आता माझा हात पोचत होता. बाहेर येऊन पट्टा गळ्यात अडकवला, सिल्कच्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि म्हटलं, "मी वाजवते."

रोझलिनआत्या म्हणाली, "अगो बाई." सगळे पप्पांकडे बघत होते. पप्पा माझ्याकडे.

"पोरी ढोल..." त्यांनी सुरुवात केली.

"माहीत आहे," मी म्हटलं. "मग तुम्ही वाजवा, मी मेणबत्ती धरते."

वटारच्यांपैकी एक म्हातारे हसले. पप्पांनी कोटाच्या आतून काठी काढली. सुटात, मुलाच्या लग्नात, वाजवायचं नसताना या माणसानं काठी जवळ ठेवली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि पुढे जाऊन उभे राहिले.

जाताना मी शहाण्या मुलीसारखं वाजवलं. सॅन्टनकाकांचा तो जुना मार्च मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. ढोल अंगावर घेतल्यावर इतका जड असतो आणि त्याचा दणका बरगड्यांत इतका घुसतो, हे तेलाच्या डब्यानं कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या वळणापर्यंत ठोका चुकेल म्हणून मी मनात आकडे मोजत होते, दुसऱ्यानंतर मोजायची गरज उरली नाही. सॅन्टनकाकांनी एकदा मागे वळून बघितलं. मग त्यांनी बघणं सोडून दिलं, आणि बँडमध्ये याहून मोठी शाबासकी नसते. लोक वाडीच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. विहिरीवर पप्पांनी प्रार्थना म्हटली, पहिली बादली ओढली, बायकांनी कळशा भरल्या.

परत निघालो तेव्हा माझी भीती पार गेली होती. मार्च तोच होता, सूर तेच. मी फक्त खालचा ठेका बदलला. टॅनरचा घेतला, ए साइडच्या शेवटच्या गाण्याचा, तो जड, सावकाश, मागे रेलून चालणारा. छोट्या ड्रमवाल्या हरेश्वरनं भुवया वर केल्या, दोन पावलं गोंधळला आणि मग हसत माझ्यामागे आला. क्लॅरिनेट आपोआप रुंदावले. सॅन्टनकाकांनी ट्रम्पेट उंच धरला. तो म्हातारा जुना मार्च अचानक छाती काढून चालायला लागला. आत्या कळशी डोक्यावर घेऊन झुलत होती आणि पाणी सांडत होतं. मी मनात म्हटलं, ऐक टॅनर, तू नंदाखालला आलास.

क्रूसाच्या वळणावर मला राहवलं नाही. मी थांबले. टॅनर थांबतो तशी, पूर्ण.

मिरवणुकीची दाणादाण उडाली. हरेश्वरची काठी हवेतच राहिली, झांजा एकट्याच वाजल्या, रोझलिनआत्या पुढच्या बाईला धडकली, वटारचे म्हातारे अडखळले. अख्ख्या मिरवणुकीत एकच माणूस चुकला नाही. सगळ्यांच्या पुढे, पाठमोरे, मेणबत्ती धरलेले पप्पा. माझी काठी थांबली त्याच क्षणी त्यांचं पाऊल थांबलं. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. ते नुसते उभे राहिले, आणि मी परत ढोलावर काठी घातली तेव्हा त्यांचा उजवा पाय नेमका त्याच ठोक्यावर जमिनीवर पडला. 

मी वाजवत होते आणि माझे डोळे भरून आले. ते गाणं येत नसलेला माणूस तिथे थांबूच शकत नाही. थांबलाच तर परत कधी निघायचं हे त्याला कळणार नाही. ते एकदा-दोनदा ऐकून येत नाही. त्यासाठी भिंतीपलीकडे बसून वर्षानुवर्षं ऐकावं लागतं, "ते डबे बंद कर" म्हणता म्हणता.

अंगणात पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. वटारचे म्हातारे माझ्यापाशी आले आणि त्यांच्याकडच्या बँडमध्ये असं काही नसल्याचं त्यांनी मान्य केलं. आत्यानं रिकामी झालेली कळशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्या लग्नाबद्दल काही विचारलं नाही. पप्पा मेणबत्ती विझवून आले. घामानं त्यांचा सूट पाठीला चिकटला होता.

"आयुष्यभर ढोल पोटाशी धरून वाजवला," ते म्हणाले. "पुढं चालून कधी ऐकलाच नव्हता. असा ऐकू येतो होय."

"चांगला येतो?"

ते घरात गेले आणि खुंटीवरची लाल टोपी घेऊन आले, सोनेरी पट्टीची, कडेला झिजलेली. ती त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत खाली आली.

"उद्या चर्चला जातानाही मला पुढंच चालायचंय," पप्पा म्हणाले. "ती कॅसेट आतून घेऊन ये, बाय. सॅन्टनला एकदा ऐकव, म्हणजे उद्या सगळे बरोबर थांबतील."