जड कडी

आमची कडी चुंबकात सरकवली की किंचित तापते. ती ऊब पंख्याने घालवली, की बाहेर काढताना खोलीपेक्षा गार पडते. गॅसशिवाय फ्रिज चालवायची सगळी आशा एवढ्यावरच. अख्ख्या धातूची कडी जास्त गार पडते, पण महाग आणि ठिसूळ; म्हणून खास मिश्रधातूची पूड प्लास्टिकमध्ये मिसळायची आणि थ्रीडी प्रिंटरने कडी छापायची. पूड वाढवली तर प्रिंटरचं तोंड तुंबतं, कमी केली तर गारवा जातो. वर्षभर झगडून मी एक अंशाचा गारवा गाठला होता. फ्रिज कंपनीला दोन हवे होते. आज कंपनीच्या माणसासमोर ते दिसले तर माझी नोकरी पक्की, नाहीतर प्रयोग बंद.

"चिमणे, तोंड पाडू नकोस," ताई सकाळी म्हणाली. ती प्रयोगशाळेतली सीनियर. नात्याची नव्हे, पण पहिल्या दिवसापासून तिनेच मला हाताला धरून शिकवलं. "मी नवी कडी छापलीय. तुझ्याच पद्धतीने, फक्त पूड जास्त बारीक चाळली. तू नुसती हसत उभी राहा. तेही जमत नसेल तर चहा कर."

कडी चुंबकातून बाहेर आली आणि पडद्यावरचा आकडा अडीच अंशांनी उतरला. कंपनीचे वयस्कर इंजिनिअर खुर्चीत पुढे सरकले.

"सगळं हिचं काम," ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

इंजिनिअर साहेबांनी कडी माझ्याकडे दिली आणि माझा हात खाली गेला.

माझ्या कड्यांचं वजन बोटांना पाठ होतं. ही दीडपट तरी जड होती. आत अख्खा धातू, वरून छापलेल्या प्लास्टिकचं पातळ कवच.

मी ताईकडे पाहिलं. ती चहा ओतत होती. तिने नजर वर केली नाही.

"अशा कड्या कधीपासून देऊ शकाल?" साहेबांनी मला विचारलं.

"सांग ना, चिमणे." आवाज नेहमीसारखाच मायेचा.

एप्रनच्या खिशात माझी कालची कडी होती. ती मी साहेबांच्या एका तळहातावर ठेवली, जड कडी दुसऱ्यावर. "ही मी छापलेली. एकच अंश उतरते. दुसरी कशी झाली, ते ताईला विचारा."

साहेबांनी दोन्ही हात वरखाली करून पाहिले. मग सही न करताच पेन खिशाला अडकवलं.

ते गेल्यावर ताई कप विसळत म्हणाली, "आता प्रिंटरही जाईल आणि नोकरीही. तुझ्यासाठीच केलं होतं गं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

तिने माझाही कप उचलला. मी तो तिच्या हातून परत घेतला आणि स्वतः धुतला.