वाहता नळ

शिवणकाम करणारे मास्तर फार मर्यादेचे माणूस. त्यांच्या घरात पोटाचा विषय काढायचा नाही, असा अलिखित कायदाच होता. संडासात जाणारा प्रत्येक जण आधी नळ मोठा सोडायचा, बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून! सुनेनेही आल्या आल्या ही रीत उचलली. वाचकहो, तुमच्याआमच्या कितीतरी घरांत असा नळ वाहत असतो.

याच मर्यादेपायी शौचातून रक्त पडत असल्याचे मास्तरांनी कित्येक महिने कोणाला सांगितले नाही. शेवटी आतड्यात गाठ निघाली आणि तेवढा भाग कापून काढावा लागला. ऑपरेशन चांगले झाले. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, की यांना रोज चालवा, दुखले तर सांगा आणि वारा सरला की कळवा, आतडे जागे झाल्याची तीच खूण. पण एवढे पोट कापलेल्या माणसाला कुठे चालवायचे, असे सुनेला वाटे. ती त्यांना पलंगावरून पाय खाली टाकू देत नसे.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी वारा सरला का विचारले, तेव्हा मास्तरांनी सुनेकडे पाहिले आणि सुनेने खिडकीबाहेर. मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. त्यावरून त्यांना खायला दिले गेले. संध्याकाळपर्यंत पोट टम्म फुगले, उलट्यांवर उलट्या झाल्या आणि नाकातून नळी घालावी लागली. आतडे असेच थंड राहिले तर पुन्हा पोट उघडावे लागेल, आणि ते यांना झेपेलच असे नाही, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले.

मास्तर खोटे सांगताहेत हे सुनेला सकाळीच कळले होते! पण सासऱ्यांबद्दल असले काही बोलायचे तरी कसे? मास्तरांची थोरली बहीण भेटायला आली, तेव्हा सुनेने रडत रडत सगळे सांगून टाकले. आत्याबाई पहिल्यापासून फटकळ.

"अगं, कपड्यानं लाज झाकायची असते, दुखणं नाही," त्या म्हणाल्या. "यानं लाजेपायी रक्त लपवलं, तू लाजेपायी हे. उद्या हा गेला, तर ही मर्यादा काय चाटायची आहे?"

मास्तर डोळे मिटून पडले होते, पण उशी ओली झाली होती. सून त्यांच्याजवळ गेली.

"बाबा, खरं सांगा. सरला होता?"

"नाही गं."

"आणि दुखतं का?"

"फार दुखतं."

तिने तडक जाऊन हे नर्सला सांगितले. दुखण्यावर औषध मिळाले. मग मास्तरांचा हात खांद्यावर घेऊन ती त्यांना व्हरांड्यात चालवू लागली. मास्तर कुरकुरत, धापा टाकत, पण चालत. असे किती फेरे झाले कोण जाणे! एका दुपारी मास्तर मध्येच थबकले. जे व्हायचे ते झाले आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेले. मास्तरांनी मान खाली घातली.

"सिस्टर, सरला!" सून मोठ्याने म्हणाली आणि तिथेच हमसून रडली.

मास्तर घरी आले आहेत. मात्र गाठ उशिरा सापडली, त्यामुळे पुढचे उपचार बाकी आहेत आणि छातीठोकपणे कोणी काही सांगत नाही. लपवलेले ते महिने आता कुठून आणायचे? तेव्हा बंधुभगिनींनो, डॉक्टर टाके घालतो, पण त्यापुढे रोग्याने खरे सांगायचे असते आणि घरच्यांनी न लाजता विचारायचे असते.

मास्तरांच्या घरात आता नळ पाण्यासाठीच सोडतात.