ताईच्या टेपमधली घूं

दाजींच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळी गल्ली टेपरेकॉर्डरला कान लावून बसलेली. त्यांची बायको, म्हणजे ताई, वारली त्याला चार महिने झाले होते. आजारपणात तिनं दाजींसाठी टेपवर बोलून ठेवलं होतं. पाच मिनिटं बोलणं, आणि मग नुसती घूंऽऽ.

"तुमच्या घरातली वीज मळकी आहे!" घरोघरची वीज 'शुद्ध' करत फिरणारा करंटशास्त्री बुवा गरजला. "त्या मळाखाली बाईंचं पुढचं बोलणं दबलंय. आज आवाज जवळ येईल, महिन्याभरात शब्द सुटतील!"

त्यानं आपला वीज शुद्ध करायचा डबा टेपशेजारच्या प्लगात खोचला. लाल दिवा लागला. आणि काय सांगू, ताईचा आवाज खरंच जवळ आला! शेजारीण हुंदके द्यायला लागली.

"तिचं शिलाई मशीन घेऊन जा बुवा," दाजी म्हणाले, "पण डबा इथंच राहू दे."

ताईचा धाकटा भाऊ वायरमन होता. जन्मभर लोकांना टोप्या घातलेल्या, त्यामुळे दुसऱ्याची टोपी त्याला लांबूनच दिसायची.

"बुवा, डबा तापला असेल ना?"

"तापणारच! मळ जळतोय."

"कमाल आहे! त्या प्लगाची वायर मी सकाळीच काढलीय."

खोलीत हशा पिकला. वायरमननं डबा उघडला. आत दिव्यापुरते दोन सेल आणि वजनाला वाळू.

"डबा खोचताना ह्याचा दुसरा हात बघा. हळूच व्हॉल्यूम वाढवतो. आवाज मोठा झाला की जवळ वाटतो, बस्स." त्यानं स्वतः बटण फिरवलं. डब्याशिवायच ताई पुन्हा जवळ आली.

करंटशास्त्री चपला हातात घेऊनच सटकला.

"पण घूं तर खरी आहे ना रे?" दाजींनी विचारलं.

"खरी आहे. अर्थिंगची तार गंजून तुटलीय."

"जोड मग. तिचं पुढचं ऐकू दे."

वायरमन पक्कड घेऊन वाकला. ताईचं बोलणं भरून घ्यायला त्या दिवशी टेप त्यानंच लावली होती. बोलता बोलता ताईचा डोळा लागला, आणि हा रडायला बाहेर पळाला. टेप बंद करायची राहूनच गेली.

त्यानं तार जोडली. घूं गेली. शब्द एकही नव्हता. दमलेला, संथ श्वास तेवढा येत होता.

"बोलत नाहीये ती," दाजी म्हणाले.

"नाही दाजी. झोपलीय."

वायरमन गर्दीकडे वळला. नेहमीची थट्टा आज त्याच्या तोंडात नव्हती. "वीज टेप फिरवते. गेलेलं माणूस बोलतं करत नाही. कुणी तसं सांगितलं तर आधी त्याच्या डब्याचा स्विच बंद करून बघा. कितीही रडू येत असलं तरी बघा."

दाजींनी हात लांबवून व्हॉल्यूम कमी केला.

"हळू बोल रे," ते म्हणाले. "जागी होईल."